तवा बसेल अशी गाडी

चंद्रभागाबाईंना समुद्र दाखवायचं हिरामणरावांनी लग्नातच कबूल केलं होतं. मुहूर्त लागला पस्तीस वर्षांनी, नेपानगरच्या पेपर मिलमधून रिटायर झाल्यावर. आत झोपायची, रांधायची सोय असलेली गाडी भाड्याने ठरवायला दोघं बुऱ्हाणपूरला भूपेंद्रच्या आवारात आले होते.

पारखून घेण्यात हिरामणराव पक्के. पिशवीत घरचा तवा आणि पोळपाटच घेऊन आले होते. बाहेरचं खाणं त्यांच्या पोटाला सोसत नसे. निदान ते तसं सांगत. पहिल्या गाडीच्या शेगडीवर तवा कलंडला. गाडी बाद. दुसरीत तवा बसला, पण पोळपाट मांडला की फ्रिजचं दार उघडेना. तीही बाद. इंजिनाची चौकशी कुणी केलीच नाही.

"काका, ये तिसरी बघा, फुल किचन आहे," भूपेंद्र घाम पुसत म्हणाला.

तिसरीत सगळं बसलं. हिरामणराव हरखून गेले. "पाह्य चंद्रभागा, गोकर्णले भरीत कर, कन्याकुमारीले कळण्याच्या भाकरी. तुले कायचीच कमी नाही पडनार!"

चंद्रभागाबाईंनी ओट्यावरून हात फिरवला. "शेगडीपुढे खिडकी नाही का?"

"धुरासाठी वर पंखा आहे ना, आंटी," भूपेंद्र म्हणाला.

"धुराचं कोन विचारते? समुद्र कुठून दिसन मले?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "पस्तीस वर्सं तिन्ही शिफ्टचे डबे केले तुमचे. आता चूल बी संगं फिरवता? मी पुढच्या सीटवर बसनार. उठनार नाही."

"मंग भाकरी कोन करीन?"

"मले काय मालूम!"

आणि त्या खरंच पुढे जाऊन बसल्या. गाडी जागची हलली नव्हती, समोर नुसती विटांची भिंत होती. तरी बाई काच खाली करून हावऱ्यासारख्या बाहेर बघत होत्या. ते पाहून हिरामणरावांना मनापासून लाज वाटली. एवढ्या वर्षांत आपण हिला कधी खिडकीशी बसवलंच नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"हीच पक्की," ते मोठ्याने म्हणाले. मग भूपेंद्रला गाडीमागे नेऊन त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "बेटा, ही शेगडी पेटवतात कशी, ते जरा दाखव. तिले मालूम नको पडू देऊ."