शेकडा दहा
विमानतळाच्या आरोग्य विभागात तिला सगळे आकडेबाई म्हणत. साथ पसरलेल्या शहरातून येणारे किती प्रवासी रोग घेऊन उतरतात, याचा अंदाज बांधायचं काम तिचं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली तिची आई त्याच शहरात होती आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं होतं.

सकाळी तीनशे प्रवाशांचे निकाल आले. पंधराजणांना लागण, म्हणजे शेकडा पाच. पण ही तपासणी निम्मे रोगी हातचे सोडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरा आकडा दहा. आणि आठाच्या वर गेलं की तिथली विमानं बंद.

चूक निघावी म्हणून देव पाण्यात ठेवून तिने तीनदा गणित मांडलं. चूक निघेना.

"साहेब, आकडा संध्याकाळी दिला तर चालेल?" तिने विचारलं.

"तोवर आणखी तीन विमानं उतरतील. का हो?"

तीन विमानं, पाचशे चाळीस माणसं. त्यांतली चोपन्न घरोघरी जाणार. "काही नाही," म्हणत तिने दहा लिहिले.

दुपारी आईचा फोन आला. मागे नुसता गलका.

"अगं, आम्हाला विमानतळाच्या दारातून परत फिरवलं! इथे मुंगीला शिरायला जागा नाही. तुझी ओळख आहे ना तिथे? कर की काहीतरी!"

"आई, तोंडावरचा रुमाल काढू नकोस. गर्दीतून बाहेर पड."

"कुठून पडू? मला घरी ने गं बाई."

तिने साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. तीन कार्यालयांना फोन केले, ओळखीच्या वैमानिकापुढे पदर पसरला. कुणाच्याच हातात काही नव्हतं.

पाचव्या दिवशी आईला ताप भरला. धाकटी बाळंतिणीच्या ओल्या अंगाने दवाखान्यांचे उंबरे झिजवत राहिली. खाट मिळाली ती नवव्या दिवशी. अकराव्या दिवशी सगळं संपलं.

"ताई," धाकटीचा आवाज पार बसला होता. "विमानं बंद करा म्हणून तूच लिहिलंस?"

"हो."

"आई येणार हे माहीत असून?"

"हो गं."

पलीकडे बाळ रडायला लागलं. मग फोन बंद झाला. आकडेबाईने पुन्हा लावला, पुन्हा लावला. दिवसभर लावत राहिली. धाकटीने तो उचलला नाही.