शुक्रवारची रेघ

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, खोटारडा झालेलो नाही. मी एक जुना आलेखक आहे, म्हणजे फिरत्या कागदावर विजेच्या दाबाची रेघ ओढणारं यंत्र. जॉर्डनच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेवरच्या एका वीजकेंद्रात मी पस्तीस वर्षं भिंतीवर आहे. पूर्वी दिवे लुकलुकले की सगळे धावत माझ्याकडे यायचे. आता माझ्यावर कोट टांगतात.

कोट अबू सख्रचा. तो इथला पाळीप्रमुख. माझा कागद तो अजूनही वेळेवर बदलतो, पण त्यावर काय उमटलंय ते बघत नाही. गुंडाळी कपाटात टाकली की संपलं.

मग गावाबाहेर मैलभर सोलर पॅनेल उभी राहिली. त्यांची वीज कन्व्हर्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांमधून तारांत येते. आमच्या जुन्या टर्बाइनचं चाक जडशीळ, धक्का बसला तरी ते सगळ्यांना ठेका देत राहतं. पेट्यांना असं वजन नाही, त्या ठेका ऐकून चालतात. लग्नात दबके हा रांगेतला नाच नाचताना सगळे म्होरक्याचे पाय बघतात. तोच खाली बसला तर जो तो शेजाऱ्याचे पाय बघू लागतो आणि अख्खी रांग हेलकावते.

शुक्रवारी कारखाने बंद आणि ऊन रणरणतं, म्हणून दुपारी टर्बाइन थांबवत. नेमकी तेव्हाच माझी लेखणी थरथरू लागली. आधी केसाएवढी, दोन वर्षांत बोटभर. संगणकाचा नवा पडदा मिनिटाची सरासरी दाखवतो, त्याला हे दिसणार कुठून? अबू सख्र म्हणाला, म्हाताऱ्याचा हात कापतोय. सगळे हसले. त्या हसण्याची चीड मला अजून आहे.

पुढे ठरलं की टर्बाइन कायमचं मोडीत काढायचं. त्याच्याशिवाय वीज स्थिर राहील का, हे तपासून सही करायला गदीर नावाची इंजिनीअर आली. आली तीही शुक्रवारी. पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि ती एकटीच मागे राहिली. तिने नोंदवही उघडली. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि वहीत साडेबाराची नोंद आधीच लिहिलेली होती: ‘ठीक’. तेवढ्यात कोटाखालची खरखर तिच्या कानावर पडली. तिने कोट काढला, तसं खिशातून अबू सख्रच्या बायकोचं डायलिसिसचं कार्ड खाली पडलं.

अबू सख्र परतला तेव्हा कपाटातल्या गुंडाळ्या जमिनीवर पसरल्या होत्या.

“साडेबाराची नोंद बाराला कशी झाली?” तिने विचारलं.

“नमाजाहून यायला एक वाजतो, बाई. वीस वर्षं तिथे ठीकच असतं.”

“तेव्हा दुपारी टर्बाइन चालू असायचं.”

“अहो, ते यंत्र म्हातारं झालंय. हात कापतो त्याचा.”

“गुरुवारी नाही कापत? म्हातारपण काय फक्त शुक्रवारी येतं?”

तो वाकून गुंडाळ्यांवरच्या तारखा बघू लागला. ती हळू आवाजात म्हणाली, “टर्बाइन मोडलं की रोजची दुपार शुक्रवारचीच. थरथर वाढली की पेट्या एकामागून एक बंद पडतील आणि गाव अंधारात जाईल. वहिनी डायलिसिसला कधी जातात?”

“शनिवार, सोमवार, बुधवार,” तो म्हणाला. “दुपारी.”

गदीरने सही केली नाही, माझे कागद मुख्य कचेरीत पाठवले. उत्तर काय आलं ऐका! हे यंत्र यादीतून बाद आहे, त्याची रेघ धरता येत नाही. नोंदवहीत शंभर शुक्रवार ‘ठीक’ आहेत. मी खरं बोललो तर बाद, आणि न बघता लिहिलेलं ‘ठीक’ तेवढं पुरावा! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेव्हा अबू सख्रने कोरा कागद घेतला. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्याने लिहिलं, ‘शुक्रवारच्या या शंभर नोंदी मी न बघता केल्या आहेत,’ आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.

वहीचा पुरावाच गेला आणि टर्बाइन वाचलं. अबू सख्रची पाळी गेली, त्याला गोदामात बसवलं. मित्रांनो, मला तेलपाणी करा अशी विनवणी मी करणार नाही. मला पुसू नका, शाई संपली तर संपू द्या. पण ‘ठीक’ लिहिण्याआधी एकदा बघा.