पाय उचलला की थांबते

"आधी वजन सांगायचं. वेग नंतर. वेग तो विचारणारच आहे, वजन कुणी विचारत नाही."

मास्तर दर सोमवारी हे ऐकवायचे. शोरूममध्ये विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याचं काम त्यांचं, आणि त्यांच्या हाताखाली मी तेच शिकले. आता मास्तर निवृत्त होऊन लेकीकडे असतात. काम माझ्याकडे आलं, त्याला तीन वर्षं झाली. मला सगळे ताई म्हणतात, आणि ताई फार हळू बोलतात असंही म्हणतात. हळू बोलणाऱ्याचं एक होतं. ऐकणारा आपल्याला हवं तेवढंच ऐकतो.

तर वजन. आमच्या सगळ्यात महागड्या विजेच्या गाडीचं वजन दोन हजार सहाशे चाळीस किलो, तेही आत माणूस बसायच्या आधी. त्यातले सातशे किलो नुसती बॅटरी, पायाखाली अंथरलेली. शून्यापासून शंभरचा वेग चार पूर्णांक तीन सेकंदांत. बॅटरी एकदा भरली की सहाशे दहा किलोमीटर. काचा दुहेरी, मागची चाकंही वळतात, आणि स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या असल्यामुळे खड्डा आला तरी हातातल्या चहाला कळत नाही. हे झालं कागदावरचं. चालवताना कळतं ते वेगळंच. ही गाडी आपलं वजन लपवते. ऐंशीवर असताना तीसवर असल्यासारखं वाटतं. इंजिन नाही, तेव्हा घरघर नाही. अंगाला धक्का नाही, वाऱ्याचा आवाज नाही. एखादं मोठं जनावर पाय न वाजवता घरात फिरत असावं, तसं.

आणि थांबतेही तशीच. वेगाच्या पॅडलवरून पाय उचलला की गाडी आपणहून स्वतःला आवरते, आणि त्या आवरण्यातून निघालेली वीज पुन्हा बॅटरीत जाते. ब्रेक आहे, चांगला भक्कम आहे. पण आठवडाभरात माणूस त्याला विसरतो. म्हणून मास्तर गाडी देताना शेजारी बसून गिऱ्हाइकाकडून वीस वेळा ब्रेक दाबून घ्यायचे. लोक वैतागायचे. नव्या मॅनेजरनी ते बंद केलं. म्हणाले, "ताई, एवढे पैसे मोजून आलेल्या माणसाला आपण काय ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसवायचं?"

सात आठवड्यांपूर्वी डॉक्टरांना मी गाडी दिली ती अशी, वीस ब्रेकांवाचून. डॉक्टर म्हणजे निवृत्त सर्जन. हात अजून स्थिर, बोलणं मिस्कील. घर टेकडीच्या माथ्यावर. घरापासून खालच्या चौकापर्यंत तीन किलोमीटर सलग उतार, सात वळणं, शेवटचं वळण थेट भाजीबाजारात उघडतं. त्यांनी विचारलं, "ब्रेकचं काय?" आणि मी हसून म्हणाले, "पाय लावावाच लागत नाही, डॉक्टर." खोटं नव्हतं ते. पण तेवढंच खरंही नव्हतं.

कारण बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तर गाडी वीज परत घेऊ शकत नाही. भरल्या घागरीत आणखी कुठे ओतणार? अशा वेळी पाय उचलला तरी ती आवरत नाही, नुसती वाहत राहते. सपाटीवर चार पावलांत कळतं. उतारावर वेळ नसतो. म्हणूनच माथ्यावर राहणाऱ्याच्या गाडीला आम्ही ऐंशी टक्क्यांची मर्यादा घालून देतो. डॉक्टरांनाही घातली होती, कारणही सांगितलं होतं. तेव्हा ते सीटमधलं पाठ चोळणारं यंत्र लावून बघत होते. "हो हो," म्हणाले.

काल सकाळी ते पहिल्या तपासणीला आले. सोबत काकू, म्हणजे त्यांची पत्नी. आल्या आल्या मॅनेजरना म्हणाले, "सहाशे दहा सांगून चारशे ऐंशीच देता होय? उद्या मुलीकडे निघालोय. पाचशेवर किलोमीटर आहे. नातीला पोचवायचंय, सुट्टी संपली तिची. वाटेत चार्जिंगला थांबणार नाही मी."

"लगेच काढतो मर्यादा, सर," मॅनेजर म्हणाले.

आमचा वायरमन लॅपटॉप जोडून बसला. खरं तर तो मेकॅनिक. विजेच्या गाड्या आल्यापासून वायरमन झाला. मर्यादा काढायला त्याला दोन मिनिटं लागली. मग गाडीची नोंदवही चाळताना त्यानं मला बोटानं बोलावलं. "ताई, हे बघा. ब्रेक पॅडल: पहिल्या आठवड्यात अकरा वेळा. नंतरच्या एक्केचाळीस दिवसांत किती?"

पडद्यावर शून्य होतं.

"डॉक्टरांनी पायाला पेन्शन दिली वाटतं," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं.

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकलं, नाही असं नाही. "ब्रेक चालतो ना?"

"उत्तम चालतो."

"गाडीत दोष आहे?"

"एकही नाही."

"पडद्यावर सूचना येते ना, भरलेली असली की?"

"येते. राखाडी अक्षरांत, एक ओळ. सात सेकंदांनी जाते."

"मग झालं तर. दोष नसलेल्या गाडीबद्दल गिऱ्हाइकाला घाबरवायचं आणि उद्या ती परत आली की मालकांपुढे मला उभं करायचं, असं आहे का तुमचं?"

त्यांचं चूक म्हणावं तर काय म्हणून म्हणावं? कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. मला तेच भयंकर वाटत होतं.

डॉक्टरांना मी म्हटलं, "आवारात एक फेरी मारू या का? मर्यादा काढल्यावर बघावं लागतं." ते चालवायला बसले, मी शेजारी, काकू मागे. बॅटरी चौसष्टवर होती, म्हणजे गाडी नेहमीसारखीच वागणार होती. मला गाडी बघायचीच नव्हती. गाड्या धुण्याच्या जागेपाशी पोचलो आणि मी जन्मात ओरडले नसेन तेवढ्यानं ओरडले, "थांबा!"

त्यांचा पाय पॅडलवरून झटकन उठला. आणि तिथेच राहिला, हवेत. ब्रेककडे तो वळलासुद्धा नाही. जमिनीपासून चार बोटं वर, बूट तसाच तरंगत, जणू त्याचं काम झालं. गाडी चार हातांत मऊपणे थांबली.

"बघा!" डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "सर्जनची चपळाई. साठी उलटून आठ वर्षं झाली, ताई."

"डॉक्टर, उद्या ती अशी थांबणार नाही. बॅटरी पूर्ण भरली की पाय उचलून भागत नाही, ब्रेक दाबावा लागतो."

"दाबू की! तीस वर्षं माणसं उघडून शिवली मी. ब्रेक कुठे असतो ते ठाऊक आहे मला."

"डोक्याला ठाऊक आहे," मी म्हटलं. "पायाला नाही."

ते मोठ्यानं हसले. कौतुकानंच हसले. आरशात मला काकू दिसल्या. त्या हसत नव्हत्या. पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून त्या अजून त्याच बुटाकडे बघत होत्या.

डॉक्टर सही करायला आत गेले तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या. "खरं सांग. उद्या पाय उचलला आणि ती थांबली नाही, तर हे काय करतील?"

खरं उत्तर मला माहीत होतं, आणि ते कुणाच्याही कानावर घालावंसं वाटत नव्हतं. घाबरलेला पाय सवयीच्या जागी जातो. त्यांच्या पायाला आता एकच पॅडल ठाऊक आहे, आणि ते वेगाचं आहे. चार पूर्णांक तीन सेकंदांचं.

"समजलं," काकू म्हणाल्या. "माझं ते ऐकायचे नाहीत. चाळीस वर्षांत एकदा ऐकलं, तेही मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा."

"मी येते, काकू. चौकापर्यंत शेजारी बसते. पहिल्या वळणाआधी, घरासमोरच्या सपाटीवरच वीस वेळा ब्रेक दाबून घेते. तोपर्यंत नात तुमच्याजवळ, गाडीबाहेर. तुम्ही दोघी मागून रिक्षानं खाली या."

"नक्की येशील?"

"शब्द देते."

"सातला निघायचंय. सात म्हणजे यांचे पावणेसात, लक्षात ठेव."

संध्याकाळी मी डॉक्टरांना सगळं सविस्तर लिहून पाठवलं, सोप्या वाक्यांत. उत्तरादाखल एक अंगठा आला. वाचलं की न वाचताच दाबला, देव जाणे. फोनही केला. म्हणाले, "अहो ताई, या की सकाळी, चहाला या! पण काळजी करू नका." त्यांच्या मागे टीव्ही चालू होता आणि नात कसलंसं गाणं म्हणत होती. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

नंतर काकूंचे निरोप येत राहिले. "८८ झाली." मग, "फोन हातात घेऊन बसलेत, जप करावा तसे. ९३." मी लिहिलं, प्लग काढता येईल का? "गॅरेजची किल्ली यांच्या खिशात." आणि जेवणं आटोपल्यावर शेवटचा: "नात म्हणते, पुढे बसणार. हे हो म्हणाले."

झोप लागली, नाही असं नाही. पण झोपेत कुठेतरी काहीतरी भरत होतं, थेंबाथेंबानं, आवाज न करता.

आज पहाटे उठले, अंघोळ केली, दिवा लावला. पोथी उघडून रोजचा अध्याय सुरू केला. तिसऱ्या ओळीशी फोन थरथरला.

"१००. हे लवकर उठले. ऊन व्हायच्या आत निघू म्हणतात, सव्वासहाला. मी पोरीची वेणी घालायला वेळ लावते. जेवढा लागेल तेवढा."

घड्याळात पाच चाळीस झाले होते. पहिली बस सहाची, तिला टेकडीच्या पायथ्याशी पोचायलाच वीस मिनिटं. म्हणजे स्कूटर. तिच्यावर मी बाजारापलीकडे कधी गेले नाही, आणि तो चढ तर कधीच चढले नाही.

अध्याय अर्धा ठेवून मी आजवर कधी उठले नव्हते. आज खूण घालून पोथी मिटली आणि हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाही. वेणीचे पेड दिसत होते मला, एकावर एक, सावकाश.

काकूंना लिहिलं, "निघाले."

आई आतल्या खोलीत झोपली होती. चपला हातात घेऊन मी दार ओढलं, जिना उतरले, आणि स्कूटर रस्त्यापर्यंत ढकलत नेली. रस्ता रिकामा होता. टेकडीवरच्या घरांतले दोनतीन दिवे अजून जळत होते. त्यातला एक मी बघत असतानाच विझला.

मी स्कूटर सुरू केली.