दहा पाइप आणि एक कडी

महाराजांनी फडक्याची गाठ सोडली आणि आमच्या कारखान्यात जमलेली चाळीस-पन्नास माणसं एकदम पुढे सरकली. फडक्यात काळ्या भस्मात पुरलेले तीन लाकडी पाइप होते. तीनच दिवसांपूर्वी त्यांना पॉलिशचा इतका उग्र वास येत होता, की हातात धरवत नव्हते. महाराजांनी त्यातला एक झटकला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या यजमानांच्या नाकाशी धरला.

"बोला मालक, काय येतंय?"

यजमानांनी दोनदा हुंगलं. "काही नाही. लाकूड. नुसतं लाकूड!"

"लाकूडच येणार! लाकूड जिवंत असतं, मालक. त्याला पीडा झाली की ते नाकाने रडतं."

शेजारच्या पत्रेवाल्याने कानाच्या पाळ्या धरल्या. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने मला कोपराने ढोसलं, "वहिनी, ऐकलंत? नाकाने रडतं म्हणे!" आणि तिने खरंच पदराने डोळे टिपले. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, सगळ्यांच्या आधी मीच जोडले.

आमच्या घरात तंबाखू कोणी ओढत नाही, पण ओढणाऱ्यांसाठी पाइप घडवण्याचं काम दोन पिढ्यांचं आहे. दीर लेथवर लाकूड फिरवून घडवतात, यजमान भोक पाडून दांडी बसवतात आणि शेवटचं पॉलिश दिरांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, करते. तिच्या हाताची चकाकी दुसऱ्या कोणाला साधत नाही. गेल्या दोन महिन्यांत मात्र पाठवलेल्या पेट्या परत येऊ लागल्या होत्या. सगळ्या चिठ्ठ्यांचा सूर एकच: पाइप पेटवला की तंबाखूऐवजी पॉलिश ओढल्यासारखं वाटतं. यजमानांचं जेवण कमी झालं. कोणीतरी महाराजांचं नाव सुचवलं आणि ते भस्माची झोळी घेऊन आले.

"आता सांगा," महाराजांनी डोळे मिटले, "लाकडावर शेवटचा हात कोणाचा?"

सगळ्या माना धाकटीकडे वळल्या.

"वास म्हणजे वासना! हिच्या तळव्यातून ती लाकडात उतरते. एकवीस दिवस हिला वेगळं ठेवा. हिचा हात लाकडाला नको, अन्नाला नको, लेकराला नको."

"लेकराला?" धाकटी म्हणाली. "चार वर्षांची आहे हो ती. तिची वेणी कोण घालणार?"

तिने दीरांकडे पाहिलं. दीर लेथचा पट्टा चाचपत राहिले, जणू तो आत्ताच तुटणार होता.

महाराज माझ्याकडे वळले. "या घरात शुद्ध हात एकच आहे. या माउलीचा. दाराची कडी यांच्याच ताब्यात द्या."

माझे नेम गल्लीभर ठाऊक आहेत. पहाटे दिवा, माळेवर जप, आठवड्याला एक उपास. चारचौघांत झालेलं कौतुक मला गोड वाटलं, हे लिहिताना आजही मान वर होत नाही. मी दिव्यावर हात धरून शपथ घेतली, की एकवीस दिवस कडी काढणार नाही.

धाकटीला वाळवणीच्या खोलीत ठेवलं. पॉलिश केलेले पाइप वाळत ठेवायची ती खोली. कोपऱ्यात मोरी आहे, खिडकी नाही. पाइपचे ट्रे सरकवायला भिंतीत हातभर रुंद झरोका आहे, तेवढाच. त्यातून मी ताट आत सरकवायची.

"ताई, पोरीने खाल्लं?" धाकटी आतून विचारायची.

"खाल्लं."

"रडली?"

"नाही." हे मात्र दर वेळी खरं नसायचं.

तिच्या मुलीला आम्ही छकुली म्हणतो. ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि मुठीने दोनदा ठोकायची. आतूनही दोनदा ठोकल्याचा आवाज यायचा. मग ती खेळायला जायची, पण पाच मिनिटांत परत. मी जपाला बसले तरी माळेचा मणी आणि ती ठकठक एकमेकांत अडकायची. कडी बाहेरून होती. तरी रात्री कूस बदलताना मला वाटायचं, आपल्याच घरात आपल्याला उठून कुठे जाता येत नाही.

धाकटीचं पॉलिशचं काम मी हाती घेतलं. तरीही पाइपचा वास हटेना.

एव्हाना महाराज आमच्या वरच्या खोलीत मुक्कामाला आले होते आणि दुधात साखर हवी की मध, हे रोज सकाळी खाली कळवत होते. वास जात नाही म्हटल्यावर त्यांनी भिंत हुंगली.

"श्वास! झरोक्यातून हिचा श्वास झिरपतोय. चार दिवसांनी मुहूर्त आहे. झरोका फळी ठोकून बुजवा. आणि मुदत एक्केचाळीस दिवस."

"अहो, तिला हवा कुठून मिळणार?" मी यजमानांना हळूच विचारलं.

"दाराखाली फट आहे ना? तू शपथ घेतली आहेस. तूच असं बोलायला लागलीस तर बाकीच्यांनी काय करावं?"

त्या संध्याकाळी मी छकुलीची वेणी घालत होते. एक पेड हातात असतानाच तिने माझा दुसरा हात ओढला, तळवा नाकाशी नेला आणि डोळे मिटून घेतले.

"काय गं?"

"मोठी आई, तुझ्या हाताला आईचा वास येतो."

"कसला वास?"

"आईचा. आधी नव्हता. आता येतो."

वेणी तशीच राहिली. मी माझा तळवा हुंगला. दिवसातून चारदा साबणाने धुतलेला, जपाच्या माळेखेरीज कशाला न चिकटणारा माझा हात! त्याला तोच वास होता. गेले दहा दिवस पॉलिश मी करत होते.

मग डोळ्यांसमोर डबा आला. पूर्वी आम्ही मेण लावायचो. कापडी चाकावर पाइप धरून मेण जिरवायला वेळ लागतो, म्हणून यजमानांनी दोन महिन्यांपूर्वी तयार पॉलिशचा डबा आणला. एकदा ब्रश फिरवला की आरसा. ते आम्ही पाइपच्या वाटीच्या आतल्या काठालाही लावत होतो, जिथे तंबाखू पेटते! पेट्या परत येऊ लागल्या त्या तेव्हापासूनच.

दुसऱ्या दिवशी जप झाल्यावर मी जुन्या मेणाची वडी शोधली. पाच कोरे पाइप, मेण आणि लोकरीचं फडकं झरोक्यातून आत सरकवलं.

"ताई, माझा हात लाकडाला नको म्हणालेत ते."

"ते म्हणालेत. मी म्हणते लाव."

"आणि तुमची शपथ?"

"कडीची घेतली होती. झरोक्याची नाही."

कित्येक दिवसांनी आतून हसल्यासारखा आवाज आला.

दुसरे पाच पाइप मी केले. उपास धरून, जपाच्या आसनावर बसून, नव्या डब्यातल्या पॉलिशने. प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला. आणखी एक काम केलं, ते पुढे येईल.

चौथ्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. दीर फळी आणि खिळे घेऊन झरोक्यापाशी उभे होते. छकुलीने त्यांचा सदरा धरला होता. मी दहाही पाइप एका ट्रेत मिसळून महाराजांपुढे ठेवले.

"महाराज, फळी ठोकण्याआधी एवढं करा. यातले पाच तिच्या हातचे आहेत, पाच माझ्या. वेगळे करून द्या."

"माउली आमची परीक्षा घेते!" महाराज खुशीत आले. शेगडीतल्या निखाऱ्यांवर एकेक पाइप धरायचा, तापला की हुंगायचा. "हा तिचा. शी, शी! हा तुमचा, माउली. चंदन! हा तिचा. अरे, काय ही वासना!" लोक माना डोलावत होते. बघता बघता पाच इकडे, पाच तिकडे झाले.

"नक्की ना? यावर एका बाईला कोंडायचंय."

"ब्रह्मदेव आला तरी बदल नाही!"

मी 'तिचे' पाच पाइप उलटे करून यजमानांच्या हातात दिले. "ठिपके बघा. ते मी घातलेत. हे पाचही माझ्या हातचे. आणि ज्यांना चंदन म्हणालात, ते तिने मेण लावून केलेत. त्या खोलीत बसून."

पत्रेवाला म्हणाला, "आयला!" आणि मग मला बघून जीभ चावली.

"वासना... वासना माउलीत शिरली!" महाराज ओरडले.

"मग मलाही आत घाला," मी म्हणाले. माझा आवाज मोठा नाही, त्यामुळे लोकांना गप्प व्हावं लागतं. "उद्या पॉलिश यजमान करतील, त्यांच्यात शिरेल. परवा दिरांच्यात. मग बाहेरून कडी लावायला कोण उरणार?"

शिवणवाली शेजारीण फसकन हसली. हसू पसरत गेलं.

"पण मग वास कशाचा?" यजमानांनी विचारलं. मी डब्यातलं थेंबभर पॉलिश पळीत घेऊन निखाऱ्यावर धरलं. क्षणात सगळ्यांनी नाकाला हात लावले. यजमानांनी डब्याकडे पाहिलं. तो कोणी आणला हे मी बोलले नाही. ते खाली बसले.

"अरे, पण भस्माने वास गेला होता ना?" पत्रेवाल्याने विचारलं.

"गेला होता. ते काळं भस्म म्हणजे कोळशाची पूड, हा तिचा गुण. कोळसा वास ओढून घेतो. माझ्या कपड्यांच्या कपाटात कोंदट वास येऊ नये म्हणून मी वाटीभर ठेवते." मी डब्यातलं पॉलिश लावून चुलीतल्या कोळशाच्या पुडीत तीन दिवस पुरलेला अकरावा पाइप काढला. "हुंगा. यावर मंत्र कोणीच म्हटलेला नाही."

"हे घर नास्तिक आहे!" महाराज झोळी आवरत म्हणाले.

"पहाटे या. दिवा कोण लावतं ते बघा."

ते आले नाहीत.

मी कडीला हात घातला. "अगं, शपथ?" यजमान पुटपुटले. शपथेचे अजून सात दिवस होते.

"ते मी देवाला सांगेन. त्याला समजावणं सोपं आहे."

धाकटी उजेडाने डोळे किलकिले करत बाहेर आली. छकुली धावली नाही. जवळ जाऊन तिने आईचा तळवा हुंगला आणि म्हणाली, "आई, तुझा वास गेला." मग मात्र दोघींकडे बघवेना. दिरांनी फळी खाली ठेवली, पेचकस आणला आणि त्या दाराची कडीच उखडून काढली. चौदा दिवसांत त्यांनी एवढं एकच काम केलं. धाकटी अजूनही त्यांच्याशी मोजकंच बोलते. माझ्याशीही. ते बरोबरच आहे.

परत आलेले पाइप आम्ही स्पिरिटच्या फडक्याने पुसले, वाटीत स्पिरिटने भिजवलेलं मीठ भरून ठेवलं, मग ते झाडून कोळशात पुरले आणि शेवटी मेण चढवलं. वास गेला. कोणाला कोंडावं लागलं नाही.

माझे नेम चालू आहेत. देवाने नाक दिलं, बुद्धी दिली, ती वापरली म्हणून तो रागावेल असं मला वाटत नाही. दहा दिवस मी दोन्ही बंद ठेवली आणि एका लेकराने भिंत ठोकली. म्हणून हात जोडून सांगते: कोणी तुमची स्तुती करून तुमच्या हातात कडी दिली, तर ती लावण्याआधी डबा उघडून हुंगा.