बोर्डातली जाड तार

एकोणीसशे त्र्याण्णव साली डोंबिवली पूर्वेच्या मालनला कशाचा उबग आला असेल, तर तो फ्यूजचा! नवरा सहदेव बँकेत कारकून. हौसेने त्याने ॲम्प्लिफायर आणि दोन भलेथोरले स्पीकर घेतले होते. तिथवर ठीक. पण आता त्याने मस्कतच्या मित्राकडून ॲम्प्लिफायरसाठी सोन्याचा मुलामा दिलेला फ्यूज मागवला, आणखी कुणाकडून चांदीचा, आणि दर रविवारी कुठला सरस याची परीक्षा सुरू झाली. परीक्षक सहदेव, राबायला मालन.

"अगं, मी डोळे मिटतो. तू मागचा फ्यूज बदल आणि कुठला ते सांगू नकोस."

"अहो, कुकर चढवलाय माझा! आणि दाराजवळच्या त्या बोर्डाचं काय? महिनाभर सांगतेय, हात लावला तर चटका बसतो."

"बघू गं. आधी हे."

बोर्डावरचा फ्यूज सारखा उडे आणि गाण्याचा विचका होई, म्हणून सहदेवने त्यात बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार तिहेरी पिळून घातली होती. बिल्डिंगमध्ये बरेच जण तसंच करत. मालन इतकी वैतागली, की तिने ॲम्प्लिफायर नुसता बंद करून चालू केला. फ्यूजला हातही लावला नाही.

"वा! सोन्याचा ना हा? तबला कसा सुटा झालाय बघ!"

मालनने कपाळावर हात मारला. ती काही बोलणार, तोच इस्त्री करणारी त्यांची मुलगी नीला ओरडली, "आई, धूर!"

बोर्ड धुमसत होता, वायरींचं आवरण वितळून ठिबकत होतं आणि घाबरलेली पोरगी त्याच बोर्डावरचं बटण बंद करायला निघाली होती! मालनने किंचाळून तिला मागे खेचलं. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त वायरमन भिवाकाका धावले, जिन्याखालचा मेन स्विच पाडून धापा टाकत घरात आले आणि त्यांनी फ्यूज उपसला.

"सहदेवा, ही कसली तार?"

"काका, सारखा उडायचा तो..."

"अरे, उडणं हेच त्याचं काम! भार वाढला की तो स्वतः जळतो आणि घर वाचवतो. तू त्याला जळायचीच सोय ठेवली नाहीस. आणि तिकडे सोन्याचा फ्यूज!"

"त्याने आवाजात खरंच फरक..."

"मी बदललाच नव्हता!" मालनचा बांध फुटला. "महिनाभर मी ओरडतेय, ते तुमच्या कानांवर पडलं नाही. न बदललेल्या फ्यूजचा फरक मात्र कळला!"

सहदेवने नीलाकडे पाहिलं. ती अजून मालनला बिलगून उभी होती.

"चुकलो, मालन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकांनी जळक्या वायरी बदलल्या आणि बारीक तार सहदेवने स्वतः बसवली. पुढच्या रविवारी काका आणि सहदेव फ्यूज तपासत बिल्डिंगभर फिरले. सोळापैकी अकरा घरांत जाड तार निघाली!

मित्रहो, आपल्याही बोर्डात आजच डोकावा. आणि घरातलं माणूस पुन्हा पुन्हा तेच बजावत असेल, तर कटकट म्हणून सोडून देऊ नका, उठून पाहा. धोका सांगणाऱ्याला गप्प केलं, म्हणून धोका गप्प बसत नाही!