हिरव्या चकतीची साक्ष

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, तेव्हा लगेच पाढे म्हणायला लागू नका. मी एका रुग्णालयाच्या धुलाईघरात टांगलेला होतो. आता मागच्या खोलीत मोडक्या गाड्यांशेजारी, तोंड भिंतीकडे करून उभा आहे. तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतात ना, तसंच समजा.

मित्रांनो, कपाटाच्या उरलेल्या फळीतून एका सुताराने मला बनवलं. घासून, काळा रंग देऊन तो म्हणाला, "हा वीस वर्षं हलत नाही." बिचाऱ्याला काय ठाऊक, हलता न येणं हेच पुढे माझ्या मुळावर येणार होतं!

धुलाईघरात दिवसभर वाफ आणि उकाडा. टोकाला तापलेला रोलर. एका बाजूने ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर. डोकं ठिकाणावर ठेवून करायचं काम. रोज सकाळी मुकादम माझ्यावर नावं लिहायचा आणि नावापुढे काम.

एकदा घडीवाल्या मावशी नवऱ्याचं दिवसकार्य आटपून कामावर परतल्या. खडू घेतला आणि स्वतःच्या नावाभोवती गोल काढला.

"हे काय मावशी?" मुकादमाने विचारलं.

"आज डोकं जागेवर नाही रे. मला रोलरवर लावू नकोस."

त्या दिवसापासून तशी रीतच पडली. ज्याच्या नावाला गोल, त्याला रोलर नाही. त्याने खिडकीपाशी बसून उशांच्या खोळी घडी करायच्या. चहाच्या वेळी कुणीतरी त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर चहा प्यायचा. कुणी उपदेश करायचा नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेक गोल आपोआप पुसले जायचे. कुणाचा आठवडाभर राहायचा, तोही राहू द्यायचे. अशी वर्षं गेली. मला वाटायचं, अख्ख्या रुग्णालयात खरं औषध काय ते माझ्याच अंगावर आहे.

मग ऑफिसातल्या मॅडम आल्या. गोल पाहून त्यांना फार कौतुक वाटलं. माझा फोटो काढला. मी असा फुगलो की खिळा निघतो की काय! पुढच्या महिन्यात माझ्या अंगात आकडे ठोकले आणि प्रत्येक नावाखाली चकती टांगली. एक बाजू हिरवी, म्हणजे मन छान. दुसरी लाल, म्हणजे मन खराब. खडू बंद, कारण धूळ होते. वर जाहीर झालं, ज्या विभागात महिनाभर सगळ्या चकत्या हिरव्या, त्याला दोन मोठे पंखे.

मॅडम मनाने वाईट नव्हत्या. पण त्या उकाड्यात पंखे म्हणजे काय, हे त्यांना कुठे माहीत? माणसं डोळे लाल करून यायची आणि हिरवी चकती लावून कामाला लागायची. एकाने चुकून लाल लावली, तर मुकादम म्हणाला, "का रे, सगळ्यांच्या तोंडचा वारा काढतोस?" झालं! मन खराब होणं हा गुन्हा ठरला.

रोलरवर एक ताई होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती बंद म्हणून पडायची नाही. मावशींची फार लाडकी. त्या महिन्यात रेडिओचा आवाज कमी कमी होत गेला. तिची आई तिला ओळखेनाशी झाली होती. रात्ररात्र दाराशी उभी राहून म्हणायची, "बाई, मला माझ्या लेकीकडे सोडा." लेक समोर उभी! रेडिओला झोप नव्हती.

महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी सकाळी तिने चकती उलटवली. लाल. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आज हिला खिडकी मिळणार.

ती हात धुवायला गेली आणि मावशी माझ्यापाशी आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी चकती पुन्हा हिरवी केली. "एकच दिवस गं पोरी," त्या पुटपुटल्या. "उद्या हवं तर तुझ्या जोडीला मीही लाल लावते."

रेडिओ परतली. हिरवी चकती पाहून थबकली. हात अर्धा वर आला आणि खाली गेला. तिला काय वाटलं असेल सांगा! कुणीतरी पाहिलं, आणि पाहून उलटवलं. ती तशीच रोलरवर गेली. दुपारी एका चादरीबरोबर तिचा उजवा हात आत गेला.

चौकशी झाली. माझ्यासमोर उभं राहून साहेबांनी लिहून घेतलं, "त्या दिवशी चकती हिरवी. मनःस्थिती उत्तम. सबब अपघात निष्काळजीपणामुळे." मीच साक्षीदार, आणि माझीच साक्ष खोटी! मावशी घड्यांचा ढीग धरून मागे उभ्या होत्या. साहेबांची सही होताच त्या ढीग घेऊन कपाटाकडे वळल्या.

पंखे मात्र आले.

दोन महिन्यांनी रेडिओ गणवेश परत द्यायला आली. बोटं वळत नव्हती. पंख्याखाली उभी राहून म्हणाली, "वारा छान येतो गं." मग हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी माझी लाल चकती तू पाहिली होतीस का?"

"नाही बाई," मावशी म्हणाल्या. "मी कुठे बघते फळ्याकडे?"

त्यानंतर मला काढून इथे आणलं. मुलांनो, मला जाळा, फोडा, काही करा, पण माझ्यावर पुन्हा बक्षिसाची चकती टांगू नका. तुमच्यातला एखादा रेडिओ गप्प झाला, तर "काय झालं?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. तुमचंच मन जड असेल, तर तसं सांगा. दुसऱ्याची लाल कधी हिरवी करू नका, मायेनेसुद्धा नाही.

आणि एक काम करा. चहाच्या वेळी मावशी रोज या खोलीत येतात. माझ्या पाठीवर खडूने स्वतःचं नाव लिहितात, भोवती गोल काढतात, आणि जाताना पदराने पुसून टाकतात. आत्ताही त्या इथेच बसल्या आहेत. दार नुसतं लोटलेलं आहे. कुणीतरी आत या.