चौकटीवरची हाक

“काकी, फक्त नाव घ्यायचं. रमेश. एवढंच,” मृणाली म्हणाली, आणि दर्शनाला घाम फुटला.

रोह्याच्या त्या उपचार केंद्रात खाटेवर तिचा नवरा रमेश पडला होता. पावसाआधी गणपतीच्या कारखान्याच्या पत्र्यावर ताडपत्री बांधायला चढला आणि डोक्यावर आपटला. डोळे उघडे होते, पण ते कुणाचे नव्हते. दर्शना समोर आली काय नि भिंत समोर आली काय, त्या डोळ्यांना सारखंच. त्याच्या डोक्यावर आता एक टोपी होती, तिला बटणांसारखे तुकडे शिवलेले. प्रत्येक तुकड्यातून एक वायर निघून संगणकाकडे जात होती आणि पडद्यावर मेंदूच्या रेषा सरकत होत्या.

मृणाली त्या यंत्रावर काम करणारी पोरगी. समजावून सांगायला तिला कंटाळा नव्हता. ओळखीच्या आवाजात आपलं नाव ऐकलं की मेंदू दचकतो, शरीर हललं नाही तरी. तो दचका रेषेत दिसतो. ज्या माणसाच्या हाकेला रेष उठेल, त्याने रोज रमेशजवळ बसायचं. त्याच आवाजात त्याला शिकवायचं, की ‘हो’ म्हणायचं असेल तर हात उचलतोय असं मनात आण. जमलं, तर यंत्राच्या मदतीने रमेश हो-नाही सांगू शकेल.

“म्हंजे माजंच काम ते,” दर्शना लगेच म्हणाली होती. बायको आहे, दुसरं कोण बसणार?

“बांगड्या तेवढ्या काढा काकी. आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो.”

“नवरा असा पडलेला नि मी हात रिकामं करू? नाय जमायचा.”

शेवटी बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांवर रुमाल बांधायचा, यावर तडजोड झाली. आता प्रश्न नावाचा होता. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर ते नाव तिने कधी तोंडात घेतलं नव्हतं. घरात ‘अवो’सुद्धा क्वचितच. आणि पेणच्या कारखान्यात तर हाक मारायची सोयच नव्हती. रमेश गणपतीची आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. तो श्वास रोखून डोळ्याची रेष ओढत असताना त्या खोलीत कुणी बोलायचं नाही, असा नियम. जेवण झालं की दर्शना दारात उभी राहायची आणि बांगड्या लाकडी चौकटीवर दोनदा हलकेच आपटायची. रमेश हातातला डोळा पुरा करायचा आणि उठायचा. इतकी वर्षं संसार असा चालला होता.

“रमेश,” ती म्हणाली. रेशनच्या दुकानात पुकारा व्हावा तसं ते वाटलं. तिचं तिलाच परकं वाटलं. मृणालीने पुन्हा म्हणायला लावलं, थांबून थांबून, कितीतरी वेळा. रेष आपली तशीच सरकत राहिली.

“नावाने हाक मारणारं दुसरं कुणी आहे का? आई, भाऊ?”

सासू तर कधीच गेली होती. रमेश एकुलता एक. दर्शनाच्या डोळ्यांपुढे मात्र एक नाव झटकन आलं.

“कोनी नाय,” ती म्हणाली.

ते नाव होतं मालू. गडब गावची. रमेशच्या घरातलीच म्हणावी इतकी जवळची शेजारीण, लहानपणी एकाच बांधावर खेळलेली. एकेकाळी त्या दोघांच्या लग्नाचं बोलणंही निघालं होतं, मग का फिसकटलं ते दर्शनाला कुणी धड सांगितलं नाही. मालूचा नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि मालू कारखान्यात मूर्ती घासायला यायची. सगळ्यांदेखत ती रमेशला ‘रम्या’ म्हणायची. “रम्या, चा थंड झाली रे!” आणि रमेश हसायचा. त्या हसण्याने दर्शनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वावगं असं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच तर भांडता येत नव्हतं. भांडायला निदान काहीतरी हाताला लागायला हवं ना!

रोह्याला येता-जाता, गाडी निडी स्टेशनात थांबली की ती तेच उगाळत बसायची. आपण खोटं बोललो हे तिला ठाऊक होतं. पण त्या खाटेजवळच्या खुर्चीवर मालू बसलेली तिला नको होती. बरा होऊ दे, पण माझ्या हाताने होऊ दे, एवढंच तिचं मागणं.

रविवारी मालू आपणहून आली. पिशवीत केळी, कपाळाला घाम. दर्शनाने तोंड फिरवलं. रमेशच्या डोक्यावर टोपी होतीच. मालूने त्याला पाहिलं आणि तिचा धीर सुटला.

“रम्या, ऊठ ना रे! असा काय पडून राह्यलास?”

पडद्यावर रेष टुणकन वर गेली.

मृणाली खुर्चीतून उठली. “परत! बाई, परत हाक मारा!” मालूने मारली. पुन्हा मारली. बहुतेक वेळा रेष उठली. मृणालीचा चेहरा उजळला. “आतमध्ये आहेत ते! ऐकतायत!”

नवरा आत जागा आहे, हे कळल्यावर दर्शनाने देवाला हात जोडायला हवे होते. जोडलेही, पण आधी मनात दुसरंच आलं. माझ्या तोंडी नाव आलं तर ढिम्म, आणि हिच्या एका ‘रम्या’ला उडी? आत जागे होता, तर मला का ओळखलं नाहीत? मत्सराइतकीच तिला स्वतःची लाजही वाटत होती.

“बाई, तुम्ही रोज येऊ शकाल का?” मृणाली मालूला विचारत होती.

“येईन की,” मालू डोळे पुसत म्हणाली. मग तिने दर्शनाकडे पाहिलं. “तू सांगशील तर येईन गो.”

“मी कोन सांगनार? तुमचा तुमी बघा,” म्हणून दर्शना उठली. दारापाशी जाऊन तिने हातावरचा रुमाल रागाने ओढून काढला. बांगड्या खळकन मनगटावर आल्या. डोळ्यांत पाणी असल्याने नीट दिसेना, म्हणून तिने चौकट धरायला हात टाकला, तो नीट लागला नाही, पुन्हा टाकला. बांगड्या चौकटीवर दोनदा वाजल्या.

“काकी!” मृणाली ओरडली. “काय केलंत? रेष बघा!”

रेष मघाच्या इतकीच वर जाऊन आली होती.

“एकदा वाजून काही ठरत नाही,” मृणाली घाईघाईने म्हणाली. “परत वाजवा.” दर्शनाने वाजवल्या. रेष उठली. थांबून पुन्हा वाजवल्या, पुन्हा उठली.

“पण नुसत्या खणखणाटानेही दचकू शकतात,” मृणाली म्हणाली. “बाई, आता तुम्ही वाजवा.”

मालूच्या हातातही हिरव्या बांगड्याच होत्या. हिच्या बांगड्यांनाही तो उठला, तर आपलं असं काहीच उरलं नाही, असं दर्शनाच्या मनात आलं. अडवावं असं वाटलं. पण तिने बाजूला सरून मालूला चौकट मोकळी करून दिली.

मालूने दोनदा बांगड्या आपटल्या. रेष हलली नाही. पुन्हा आपटल्या, जरा जोरात. रेष किंचित थरथरली, पण तेवढंच. मालू स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर क्षणभर जे आलं, ते दर्शनाने बरोबर ओळखलं. इतकी वर्षं दर्शना स्वतः तेच गिळत आली होती.

“तुजाच हाय गो तो,” मालू हळूच म्हणाली.

पण मृणालीने दर्शनाला विजयाचे दोन घोटसुद्धा घेऊ दिले नाहीत.

“काकी, बांगड्यांनी ते जागे होतात. पण शिकवायचं तर बोलावं लागणार. बांगड्या कशा सांगणार, हात उचल म्हणून?”

दर्शना खाटेच्या डोक्याशी आली. तिथल्या लोखंडी दांडीवर तिने बांगड्या वाजवल्या नाहीत. लाकूड हवं म्हणून मागे पडलेलं स्टूल ओढलं आणि त्यावर दोनदा हलकेच आपटल्या. मग वाकली. मालू ऐकत होती, मृणाली ऐकत होती, म्हणून कान लाल झाले.

“रमेश,” ती म्हणाली. “मी हाय. नि मालूच्या हाकेला कसे उठलात, ता मी बगितलाय हां.”

रेष वर गेली.